साधीच द्या

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या लेकीचं आठवीचं ॲडमिशन होतं. त्यांच्या वस्तीजवळची महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे पुढं हायस्कूल शोधणं आलं, आणि फॉर्म भरताना काही अडलं तर कोणीतरी असावं म्हणून मावशी म्हणाल्या ताई तुम्ही चला बरोबर. (मावशी सगळेच म्हणतात म्हणून मीपण म्हणते, वयाने त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहानच असतील.) सकाळपासून पावसाची रिपरिप चाललेली, शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा ढीग, नवीन रंग दिलेल्या भिंतींचा वास, आणि ऑफिसच्या खिडकीसमोर पालकांची रांग. खिडकीला जाळी, जाळीत फक्त कागद सरकवता येईल एवढी फट. आमचा नंबर आला, आतल्या भाऊसाहेबांनी दाखला बघितला, सातवीचं प्रगतीपुस्तक बघितलं, चांगले मार्क आहेत म्हणाले, आणि मान वर न करताच विचारलं, "सेमी की साधी?" पोरगी पुढे झाली होती, तिचं तोंड उघडलं होतं, मी तिच्या शेजारीच उभी होते त्यामुळे मला नीट दिसलं. पण तिच्या आधी मावशी बोलल्या.

"साधीच द्या."

खिडकीच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, तो मी नंतर वाचला. सेमी इंग्रजी तुकडी, वार्षिक २४०० रुपये, संगणक वेगळे. (सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, साधी म्हणजे सगळं मराठीतून.) मावशींनी तो रांगेत उभं असतानाच वाचला असणार. मी भाऊसाहेबांना विचारलं की मुलींना तर बारावीपर्यंत फी माफ आहे ना, तर ते म्हणाले, "माफच आहे की मॅडम, फीचा एक रुपया घेत नाही आम्ही. हे सेमीचं आहे." माणूस उर्मट अजिबात नव्हता. उलट आपणहून म्हणाला की उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज केलात तर संस्थेकडून निम्मे होतात कधीकधी, प्रयत्न करा. तोपर्यंत मावशींनी साध्या तुकडीच्या फॉर्मवर सही करून तो जाळीतून आत सरकवलापण होता, आणि पोरगी मागं सरकून छत्री मिटत-उघडत उभी राहिली होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मावशी मी भरते ना २४००, एवढ्यासाठी कशाला. त्या चालत राहिल्या, थांबल्यापण नाहीत. म्हणाल्या, "नगं ताई. यंदा तुम्ही द्याल. पुढल्या वर्षी परत इचारायचं, धाव्वीला परत इचारायचं. तिला बी कळतंय आता, तिची मान खाली जाती." आणि मग दाखल्याचं मी काढलं तर म्हणाल्या तहसीलला एकदा जाऊन काम होत नाही, तलाठ्याकडे जा, सेतूत जा, परत या, म्हणजे कमीत कमी दोन खाडे, पाच घरांचे दोन-दोन खाडे. मी गप्प बसले. मला त्या वेळी थोडा राग आला होता त्यांचा, हे खरं सांगते. आपण द्यायला तयार आहोत आणि ही बाई पोरीचं नुकसान करतेय असं वाटलं. घरी येऊन चहा केला, तेव्हा कुठे मला जाणवलं की मी ज्याला मदत म्हणत होते तो त्यांच्यासाठी तीन वर्षांचा हप्ता होता, पैशांचा नाही, मान खाली घालण्याचा.

माझ्या स्वतःच्या मुलाला सेमीला घातलं तेव्हा किती पैसे भरले होते हे मला आठवतच नाही, खूप आठवून बघितलं. ऑफिसमधून फोनवरूनच भरले होते बहुतेक. त्या वर्षी आम्ही घरात चर्चा केली ती सेमी घ्यावं का पूर्ण मराठी ठेवावं यावर, गणित-विज्ञान इंग्रजीतून झेपेल का, पुढे अकरावी सायन्सला फायदा होईल का, मराठी कच्चं राहील का. दोन-तीन रविवार घालवले आम्ही त्यावर. म्हणजे आमच्यासाठी तो प्रश्न शिक्षणाचा होता. मावशींच्या घरात तो प्रश्न शिक्षणाचा होऊच शकला नाही, खिडकीवरच्या कागदाने तो आधीच पैशांचा करून टाकला होता. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. कदाचित त्यांनी विचार करून मराठीच घेतलं असतं, कदाचित तेच बरोबरपण ठरलं असतं. पण विचार करायची वेळच आली नाही.

आणि तो शब्द. साधी. कोणी मुद्दाम ठेवलेला नाही, सगळे तसंच म्हणतात, शिक्षक, पालक, पोरं सगळे. सेमी आणि साधी. साधा डोसा आणि मसाला डोसा म्हणतात ना तसं. पण तेरा वर्षांच्या पोरीला तीन वर्षं कोणी विचारलं की कुठली तुकडी तर तिला म्हणावं लागणार आहे, साधी.

मला आमचे दादा आठवत राहिले या सगळ्यात. दादा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते. तेव्हा स्कॉलरशिप परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. दिवाळी झाली की जादा तास सुरू व्हायचे, सकाळी सातला, थंडीत. शाळेच्या पत्र्यावरून दव टपकायचं, आम्ही गोधड्या-चादरी पांघरूनच बसायचो, आणि दादा फळ्यावर बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न लिहायचे, खडूचा तो कडक आवाज सकाळच्या शांततेत फार मोठा वाटायचा. आकृत्यांची मालिका पूर्ण करा, गटात न बसणारा शब्द ओळखा, आरशातली प्रतिमा. मध्येच कोणाच्या तरी खिशातून शेंगा निघायच्या. त्या तासांना पैसे वगैरे काही नव्हते, कोणाच्या डोक्यातच तसलं काही यायचं नाही. पण आता मोठी झाल्यावर जी गोष्ट मला विशेष वाटते ती वेगळीच आहे. बाकीच्या शाळांमध्ये सहा-सात हुशार पोरं निवडून त्यांनाच बसवायचे, म्हणजे शाळेचा निकाल चांगला दिसतो. दादांनी सगळ्या वर्गाला बसवलं. सत्तावीस पोरं होतो आम्ही. ज्याला पाढे येत नव्हते त्यालापण. वरून बोलणी बसली असतील त्यांना, आईशी बोलताना अर्धवट कानावर आलेलं आठवतं, "निवडायचं मी कशाला? परीक्षा निवडंल की." असं काहीतरी म्हणाले होते.

दादा गेले तेव्हा तेराव्याला गावाकडून बरेच लोक आले होते. त्यात माझ्या वर्गातला एक जण, आता टेम्पो चालवतो, मी त्याला ओळखलंच नाही आधी. त्याला स्कॉलरशिप मिळाली नव्हती, मिळण्यातलीपण नव्हती, शाळा त्याची नववीलाच सुटली. तो दारात चपला काढून बराच वेळ उभा होता, मग फोटोला हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"गुरुजींनी मलापण बसवलं होतं."

एवढंच. चहा पण घेतला नाही त्याने. पस्तीस वर्षं त्याने हे वाक्य सांभाळून ठेवलं होतं. त्याला त्या तासांचा उपयोग काय झाला असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही, आणि द्यावंसं वाटतपण नाही.

हायस्कूलची अजून एक आठवण आहे, १९९३-९४ सालची. वर्गशिक्षक सर फीच्या यादीची वही घेऊन यायचे आणि नावं वाचायचे. "ईबीसीवाले उभे राहा." म्हणजे ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी म्हणून फी माफ ते. मग त्यांचे फॉर्म, तलाठ्याचा दाखला आणला का, शिक्का कुठाय, उद्या आण नाहीतर फी भर. पीटीसीवाले वेगळे, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पोरं. पोरं उभी राहायची, काही जण बाकावर नख ओढत, काही जण उगाच हसत. आणि आम्ही मुली बसून बघायचो, कारण मुलींना सरसकट माफी होती, आम्हाला कोणी काही विचारायचंच नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण आता लक्षात येतं की त्या वर्गातल्या प्रत्येक गरीब मुलाचं नाव मला अजून सांगता येईल, आणि मुलींपैकी कोणाच्या घरी काय परिस्थिती होती ते मला माहीतच नाही. सवलत आणि मोफत यातला फरक मला कुठल्या पुस्तकातून कळला नाही, त्या वर्गात दोन रांगांनी तो समोर मांडून ठेवला होता, मुलांची रांग आणि मुलींची रांग.

माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती गणवेशाचं सांगते. आत्ताआत्तापर्यंत मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच मिळायचा. तिच्या वर्गात अशा वाटपानंतर तीन मुलं उरायची. तीनच. त्यांचे आईवडील काही श्रीमंत नव्हते, एकाचा बाप हमालीच करायचा, फक्त घराचं नाव त्या यादीत नव्हतं. ती म्हणते वाटपाच्या दिवशी मी त्या तिघांना मुद्दाम काहीतरी कामाला पाठवायचे, पाण्याचा हंडा बघून या, कुंड्यांना पाणी घाला. मग वर्गणी काढून शिक्षकच शिवून द्यायचे. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना गणवेश. पुढे कापडाचे, मापाचे, वेळेवर न येण्याचे घोळ झाले, ते सगळ्यांनी पेपरात वाचले आहेत, वहिनीपण त्यावर तासभर बोलू शकते. पण ती हेही म्हणते की आता कुंड्यांना पाणी घालायला कोणाला पाठवावं लागत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही ना खरं तर. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा आधी गरिबीचा दाखला आणा असं म्हटलं नाही, उलट पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पैसे शाळेत पाठवल्याबद्दल नाही, न पाठवल्याबद्दल. शंभर वर्षांपूर्वीची ही उलटी रीत मला आजपण थक्क करते. शाळेतल्या खिचडीचंही तेच, आधी महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, मग शिजवून द्यायला लागले, आणि पंगतीत जो बसला त्याच्या ताटात पडते. आणि इंग्रजीचंच घ्या. २००० सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांची पोरं इंग्लिश मीडियमला जाऊन तीन वर्षांची असल्यापासून ए बी सी डी म्हणायची. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते, त्यांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं, सगळ्या शाळांत, एकदम. केवढा विरोध झाला होता, आमच्या घरातपण वाद झाले, दादा विरोधात होते, शिक्षकांनाच येत नाही तर शिकवणार काय म्हणायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण वाडीवरच्या पोराला त्या इंग्रजीसाठी कुठल्या खिडकीपाशी उभं राहावं लागलं नाही.

मग सेमीलाच का?

मी एका ओळखीच्या मुख्याध्यापकांशी बोलले यावर, दुसऱ्या गावातल्या शाळेचे, माझ्या मैत्रिणीचे दीर. ते भले आहेत, शाळेसाठी जीव टाकतात. ते म्हणाले, ताई सरकार पगार देतं मंजूर तुकड्यांच्या मंजूर शिक्षकांचे. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला मी दोन पोरी ठेवल्यात, बीएस्सी बीएड झालेल्या, महिन्याला नऊ-नऊ हजार देतो, तेवढ्यातपण त्या मनापासून शिकवतात, त्यांचा पगार कुठून काढू? वेतनेतर अनुदान किती येतं आणि कधी येतं ते विचारूच नका. सेमी बंद केली तर पोरं सरळ इंग्लिश मीडियमला जातात, पट कमी होतो, पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त, मग शाळाच बंद. म्हणजे शाळा जगवायला सेमी, आणि सेमी जगवायला फी. त्यांच्या बाजूने बघितलं तर सगळं पटतं. म्हणून मला त्या खिडकीतल्या भाऊसाहेबांवर किंवा त्या शाळेवर राग काढता येत नाही, आणि काढायचापण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अनुदानित शाळेत जे काही शिकवलं जातं, सेमी असो, संगणक असो, स्कॉलरशिपचा तास असो, त्याचा खर्च सरकारनेच उचलायला हवा, आणि सगळ्या मुलांसाठी. गरिबांसाठी म्हणून नको. माझ्या मुलासाठीपण. माझ्याकडून कराच्या रूपाने घ्या ना ते पैसे, जास्त घ्या, पण शाळेच्या खिडकीवर नका घेऊ. कारण माझ्या मुलाकडून घ्यायला तिथे कागद चिकटवला की तोच कागद मावशींच्या मुलीलापण वाचावा लागतो.

सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. पण इंजिनिअरिंग काय बारावीनंतर अचानक उगवतं का? ते आठवीच्या गणितातून येतं. वरची पायरी मोफत आणि खालच्या पायरीला २४०० रुपये, असं कसं चालेल. केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयांचं पण तेच, १९८६ ला सुरू झाली, पहिल्या दोनांतली एक आपल्या अमरावतीची, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं मोफत, खेड्यातल्या पोरांसाठी आजवरचं सगळ्यात चांगलं काम असं मी म्हणेन. पण एका शाळेत सहावीला जागा जास्तीत जास्त ८०. आणि नववीपासून ज्या मुलग्यांना सूट नाही त्यांना महिन्याला कमीत कमी ६०० रुपये विकास निधी. नववीच का? मला वाटतं, शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो, म्हणून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात ती आठवी एक कुंपण होऊन बसलीय. तेरा-चौदाच्या वयातच पोरांना घरातले पैसे दिसायला लागतात, आईच्या चेहऱ्यावरून कळायला लागतं, आणि नेमकं तिथेच आपण वही उघडून नावं वाचायला लागतो. स्कॉलरशिपच्या परीक्षेलासुद्धा आता बिगरमागास मुलाला २०० रुपये पडतात. काही जिल्हा परिषदा, महापालिका आपल्या मुलांची ती फी स्वतः भरतात, तिथे बसणाऱ्या मुलांची संख्या बघा. दादा असते तर २०० ऐकून काय म्हणाले असते माहीत नाही. स्वतःच्या खिशातून भरले असते बहुतेक, सत्तावीस जणांचे.

फुकटची किंमत नसते, असं मला आत्तापर्यंत चार जणांनी ऐकवलं. थोडे पैसे घेतले की पालक लक्ष देतात म्हणे. मावशी पहाटे साडेचारला उठतात, पाच घरच्या पोळ्या करतात, आणि रात्री पोरीच्या अभ्यासाला दिवा डोळ्यावर येऊ नये म्हणून स्वतः भिंतीकडे तोंड करून झोपतात, एकच खोली आहे. त्यांना अजून कसलं लक्ष द्यायला शिकवायचंय २४०० रुपये घेऊन?

मला सेमीच भारी असंपण म्हणायचं नाहीये. मुलाचं गणित इंग्रजीतून झाल्यामुळे त्याला ल.सा.वि. म.सा.वि. कळत नाही, मी म्हणाले तर तोंडाकडे बघतो, याचं मला वाईट वाटतं. आणि उद्या सगळ्यांना सेमी मोफत झाली तर मराठी तुकड्या ओस पडतील, ही भीतीपण खरी आहे, यावर मला रात्री झोपताना उत्तर सापडत नाही. पण मग मराठीतून शिकणारं पोरगं तिथे आवडीने बसलेलं असावं. पैसे नाहीत म्हणून बसलेलं नसावं.

मागच्या रविवारी मावशी पोरीला घेऊन आल्या होत्या, आमच्याकडे पाहुणे होते म्हणून मदतीला. काम झाल्यावर पोरगी माझ्या मुलाच्या टेबलाजवळ घुटमळत होती. मग दप्तरातून विज्ञानाची वही काढली आणि शेवटून उघडली. आठवीच्या मराठी पुस्तकात धड्यात मराठी शब्दापुढे कंसात इंग्रजी शब्द दिलेला असतो ना, बारीक अक्षरात, तो सहसा कोणी वाचत नाही. तिने ते सगळे कंसातले शब्द काढून वहीच्या मागच्या पानांवर उतरवलेत. डावीकडे मराठी, मध्ये इंग्रजी, आणि उजवीकडे तो म्हणायचा कसा ते देवनागरीत, पेन्सिलने, म्हणजे चुकलं तर खोडता येईल. बल, फोर्स. दाब, प्रेशर. घनता, डेन्सिटी. तिसरा धडा चालू होता, दीड पान झालं होतं. काही ठिकाणी उजवीकडची जागा रिकामी होती.

"काकू, हा कसा म्हणायचा?" तिने बोट ठेवलं. जडत्व.

मी म्हणाले, इनर्शिया. तिने दोनदा ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, पेन्सिल घेतली, लिहिलं, आणि मग खोडरबराने आधीचं काहीतरी पुसलेलं होतं त्याचे कण फुंकून पुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.